काच, करंट आणि धूर : आर्क वेल्डिंगच्या सुरक्षेचा आढावा

मे महिना संपत आला की फॅब्रिकेशनवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. पाऊस यायच्या आत प्रत्येकाला गच्चीवर पत्र्याची शेड हवी असते. भर उन्हात वेल्डर उकिडवा बसलेला असतो, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काच. समोर हेल्पर. त्यानं अँगल दोन्ही हातांनी दाबून धरलेला, म्हणजे काच धरायला त्याला हातच उरलेला नाही. वेल्डर म्हणतो, "तोंड फिरव." हेल्पर मान वळवतो, डोळे मिटतो, टॅक, म्हणजे तात्पुरता ठिपक्याएवढा जोड, बसतो. दिवसभरात असे शे-दीडशे टॅक. त्यातल्या चार-पाच वेळा मान वळायला उशीर होतो. मग रात्री दीड-दोनला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन तो पोरगा उठून बसतो. डोळ्यांतून धारा लागलेल्या, दिव्याकडं बघवत नाही. घरातलं कुणीतरी बटाटा चिरायला घेतं.

आर्क वेल्डिंगमधली सुरक्षा म्हटली की आपल्याकडची चर्चा इथं सुरू होते आणि बऱ्याचदा इथंच थांबते. जगात मात्र गेल्या तीसेक वर्षांत ती डोळ्यांवरून फुप्फुसांकडं, तिथून मेंदूकडं आणि वेल्डरच्या हातातल्या काचेवरून मशिनच्या रचनेकडं सरकली आहे. काही प्रश्न मिटले, काहींवर तज्ज्ञ अजून दोन बाजूंना उभे आहेत. या लेखात मुख्यतः रॉडच्या वेल्डिंगचा, म्हणजे गल्लीतल्या दुकानात चालतं त्या कामाचा विचार केला आहे.

रॉडवरचा लेप

१८८०च्या दशकात रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोस यानं कार्बनच्या कांडीनं आर्क पाडून लोखंड जोडून दाखवलं. त्याच दशकात स्लाव्यानोव यानं कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली. पण उघड्या तारेनं केलेला जोड ठिसूळ व्हायचा, कारण वितळलेल्या धातूत हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यानं कांडीवर लेप चढवला. लेप जळताना निघणारा वायू आणि वर साचणारा स्लॅग वितळलेल्या धातूला हवेपासून झाकून ठेवतात. जोड भरवशाचा झाला. धूरही तिथूनच आला. वेल्डिंगचा धूर जोडायच्या लोखंडातून थोडा आणि रॉडमधून फार, नव्वद टक्क्यांच्या आसपास, निघतो. आजच्या वादाचा मोठा भाग या लेपातूनच उठतो.

आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर रॉड देशातच बनू लागले. मुंबईची अडवानी-ओर्लिकॉन १९५१ची. १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठी होतं. पुढं १९६७ मध्ये डोळे आणि चेहऱ्याच्या संरक्षणाचं भारतीय मानक आयएस ११७९ आलं, १९६८ मध्ये वेल्डिंग-कटिंगच्या सुरक्षेचं आयएस ८१८. त्या काळच्या विचाराचा भर डोळे, भाजणं, शॉक आणि आग यांवर होता.

तेव्हाचं मशिन म्हणजे चार जणांनी सरकवायचा ट्रान्सफॉर्मर. तो कारखान्यातच असायचा आणि त्याच्याभोवती फोरमन, इलेक्ट्रिशियन, स्टोअर असं काहीतरी असायचं. इन्व्हर्टर आल्यापासून हे चित्र पालटलं. पाच-सहा किलोचं मशिन खांद्याला अडकवून जिन्यानं वर नेता येतं, घरच्या सिंगल फेजवर चालतं. आयटीआयचा वर्षाचा ट्रेड पुरा केलेला माणूस आणि गेल्या आठवड्यात पहिल्यांदा होल्डर धरलेला पोरगा एकच मशिन वापरतात. सुरक्षेचे नियम पहिल्यासाठी लिहिलेले आहेत. आजची संख्या दुसऱ्याची वाढते आहे.

डोळे : बराचसा मिटलेला प्रश्न

आर्कमधली अतिनील किरणं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, पारपटलाला, उन्हानं कातडी भाजावी तशी भाजतात. लक्षणं साधारण सहा ते बारा तासांनी दिसतात, म्हणून वेल्डिंग दुपारी लागतं आणि कळतं रात्री. बहुतेक वेळा पारपटल एक-दोन दिवसांत आपसूक भरून येतं. बटाट्याची चकती, काकडी, गार पाण्याची घडी यांनी मिटलेल्या पापण्यांवर थंडावा मिळतो, त्यापलीकडं काही होत नाही. डोळ्यांत दूध किंवा गुलाबपाणी घालणं मात्र वाईट, कारण सोललेल्या पारपटलाला जंतुसंसर्ग व्हायला तेवढं पुरतं.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे सुन्न करणारे थेंब. डॉक्टर तपासणीसाठी ते घालतात, क्षणात दुखणं थांबतं आणि पेशंटला वाटतं हेच औषध. ते वारंवार घातले तर पारपटल भरून येणंच थांबतं, व्रण पडू शकतो, नजर जाऊ शकते. अपघात विभागातून पहिल्या चोवीस तासांपुरते असे थेंब द्यावेत का, यावर परदेशी डॉक्टरांत मतभेद आहेत. बाटली घरी ठेवून मनानं घालू नये, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

काचेबद्दलही फारसा वाद उरलेला नाही. रॉडच्या कामाला ६० ते १६० अँपिअरपर्यंत किमान ८ नंबर, शक्यतो १०, त्याहून जास्त करंटला आणखी गडद. गॅस वेल्डिंगचा ५ नंबरचा चष्मा इथं पुरत नाही, रस्त्यावरचा काळा गॉगल तर नाहीच.

चर्चा आहे ती आपोआप काळ्या होणाऱ्या हेल्मेटवर. स्वीडनमध्ये १९८१ साली हे तंत्र बाजारात आलं. त्याच्या बाजूनं सांगतात ते खरं आहे : दोन्ही हात मोकळे राहतात, आर्क पाडण्याआधी रॉडचं टोक नीट दिसतं, आणि 'आधी टॅक, मग काच' ही सवय मोडते. शंका घेणारे स्वस्त मालाकडं बोट दाखवतात. सेन्सर झाकला गेला, बॅटरी उतरली, तर काच वेळेवर काळी होईलच याचा भरवसा नाही. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चांगल्या बनावटीच्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरणं अडवणारा थर कायम काम करत असतो, काच काळी झाली नाही तरी. डोळे दिपतात, पण पारपटल भाजत नाही. म्हणून खरेदी करताना 'किती लवकर काळी होते' यापेक्षा 'कोणत्या मानकानुसार तपासलेली आहे' हे विचारणं जास्त कामाचं.

अतिनील किरणांचा लांब पल्ल्याचा हिशोब नंतर मांडला गेला. २०१७ साली ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगमधली अतिनील किरणं माणसाला कर्करोगकारक असल्याचं ठरवलं. हा कर्करोग म्हणजे डोळ्यातला मेलॅनोमा, अगदी विरळा आजार. पण डोळे 'लागणं' म्हणजे एका रात्रीचं दुखणं, ही समजूत त्यानंतर टिकत नाही.

करंट : 'अर्थिंग' या शब्दाचा घोटाळा

दुकानात वेल्डिंग मशिनमधून दोन केबली निघतात. एक होल्डरची. दुसरी, क्लँप लावून जॉबला जोडतात तिला सगळे 'अर्थिंग' म्हणतात. ती अर्थिंग नाही. ती करंट परत मशिनकडं नेणारी वाट आहे, वेल्डिंगच्या सर्किटचा अर्धा भाग. खरं अर्थिंग म्हणजे मशिनच्या पत्र्याच्या बॉडीला जोडलेली, भिंतीतल्या प्लगमधून जमिनीत जाणारी तिसरी वायर. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळं काय होतं ते मी भोसरीतल्या एका शेडमध्ये पाहिलं. मशिनला प्लगच नव्हता, दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेल्या. "अर्थिंग कुठंय?" विचारलं तर कारागिरानं सरळ मनानं जॉबवरचा क्लँप दाखवला. त्याच्या लेखी अर्थिंग होतं. बॉडीत फेज उतरला असता तर त्याच्या हातून जाण्याखेरीज करंटला दुसरी वाट नव्हती.

परतीची केबल लांब टाकायचा कंटाळा म्हणून इमारतीच्या सळईला, पाइपलाइनला किंवा क्रेनच्या रुळाला क्लँप लावणं, हाही याच घोटाळ्याचा भाग. करंट मग सोयीची वाट शोधतो. ती वायररोपमधून, बेअरिंगमधून किंवा दुसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्याच्या हातातल्या ड्रिलच्या वायरमधूनही जाऊ शकते.

आता व्होल्टेज. आर्क चालू असताना ते वीस-तीस व्होल्ट असतं, पण आर्क नसताना, रॉड बदलताना, ते साठ ते ऐंशीपर्यंत चढतं. 'वेल्डिंगचा झटका लागतो, माणूस मरत नाही' ही दुकानातली समजूत कोरड्या हातापुरती, कोरड्या बुटापुरती खरी वाटते. घामानं भिजलेला हातमोजा, पावसातली गच्ची, लोखंडी टाकीत पाठ टेकून केलेलं काम यांत तेच ऐंशी व्होल्ट एसी जीव घेऊ शकतात, कारण एसीत स्नायू आखडून होल्डर सोडवतच नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक साध्या जागी ऐंशी व्होल्ट एसी चालवून घेतं, पण ओल्या आणि चहूबाजूंनी लोखंड असलेल्या जागी अठ्ठेचाळीसवर थांबतं. अशा जागी चालणाऱ्या मशिनवर 'एस' अशी खूण असते. डीसी त्या मानानं सौम्य, त्यासाठीची मर्यादा ११३ व्होल्ट आहे.

आपल्या जुन्या कारखाने कायद्याचं कलम ३६-अ इथं आठवतं. टाकीत, खड्ड्यात, पाइपात २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा किंवा विजेचं दुसरं कोणतंही उपकरण पुरेशी संरक्षक साधनं असल्याखेरीज नेऊ नये, असं ते सांगत असे. दिवा २४ व्होल्टचा आणि शेजारी होल्डरमध्ये ऐंशी, असं दृश्य टाकीच्या कामांत दिसू शकतं. मग 'पुरेशी साधनं' कोणती?

एक उत्तर व्होल्टेज कमी करणाऱ्या उपकरणाचं, ज्याला व्हीआरडी म्हणतात. आर्क नसताना ते होल्डरवरचं व्होल्टेज धोक्याच्या पातळीखाली आणतं आणि रॉड टेकवताच पुन्हा चढवतं. सुरक्षा अधिकाऱ्यांना ते सगळीकडं हवं आहे. अनुभवी वेल्डरांची तक्रार अशी की आर्क पहिल्या फटक्यात पडत नाही, जाड लेपाच्या किंवा जुन्या सर्दाळलेल्या रॉडला फार घासावं लागतं, मग लोक ते बंद करून ठेवतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. टाकीत आणि पावसाळ्यात ते असलंच पाहिजे, असं मला वाटतं. कोरड्या बेंचवर त्याची सक्ती करावी का, हा प्रश्न खुला आहे.

आणखी एक गैरसमज घरच्या वायरिंगमुळं पसरतो. "आमच्याकडं आरसीसीबी आहे" असं सांगून लोक निर्धास्त होतात. तो सप्लायच्या बाजूची गळती पकडतो, म्हणजे बॉडीत उतरलेला फेज. होल्डरच्या बाजूचं सर्किट ट्रान्सफॉर्मरनं तोडून वेगळं केलेलं असतं, तिथला शॉक त्याला दिसतच नाही. तिथं कोरडे हातमोजे, अखंड इन्सुलेशनचा होल्डर आणि पायाखाली लाकडी फळी हाच बचाव.

धूर : जिथं मतभेद खरे आहेत

धुरानं त्याच रात्री होणारा त्रास जुन्या कारागिरांना ठाऊक आहे. जीआय पाइपचं काम केलं की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते, दुसऱ्या दिवशी उतरतो. हा जस्ताच्या वाफेचा ताप. त्यावर दूध, केळी, गूळ असे उपाय चालत आले आहेत. दूध हा ताप टाळतं याला आधार नाही. गुळाची गोष्ट जरा वेगळी : लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता, आणि गुळामुळं फुप्फुसातले धूलिकण बाहेर सरकायला मदत होते असं त्यात दिसलं होतं. पण तो प्रयोग उंदरांवरचा, कोळसा आणि सिलिकाच्या धुळीचा. त्यावरून वेल्डरला गूळ देऊन धुरात उभं करणं पटण्यासारखं नाही. जस्ताचा थर ग्राइंडरनं आधी काढून टाकणं हा साधा उपाय त्याहून खात्रीचा आहे.

कर्करोगाबद्दल मत कसं बदललं ते पाहण्यासारखं आहे. ल्योंच्या त्याच संस्थेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात वेल्डिंगचा धूर 'कदाचित कर्करोगकारक' या गटात होता. तेव्हा संशय मुख्यतः स्टेनलेस स्टीलवर होता, कारण त्यातून क्रोमियम आणि निकेल निघतात. साधं लोखंड त्या मानानं निर्धोक समजलं जाई. दीर्घकाळ शंका अशी होती की वेल्डर सिगरेट-बिडी ओढतात, जहाजबांधणीत अॅस्बेस्टॉसमध्येही काम करतात, मग फुप्फुसाचा कर्करोग नेमका कशाचा? २०१७च्या फेरमूल्यमापनात धूम्रपान आणि अॅस्बेस्टॉस यांचा हिशोब वजा करूनही धोका उरला, आणि वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात, म्हणजे खात्रीनं कर्करोगकारक ठरला. साध्या लोखंडाचाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनं त्यावर भूमिका बदलली. आडोशाच्या जागेत नुसती खेळती हवा पुरणार नाही, धूर जिथं उठतो तिथंच ओढून घ्यावा, बाहेर काम असेल तर योग्य मास्क द्यावा, असं तिनं सांगितलं.

मर्यादेच्या आकड्यावर एकमत नाही. आपल्या जुन्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वेल्डिंगच्या धुराला घनमीटरमागं ५ मिलिग्रॅमची मर्यादा होती, नेदरलँड्समध्ये ती १ मिलिग्रॅम आहे. काही तज्ज्ञांना धुराला एकच आकडा देणं मान्य नाही. रॉड बदलला की धुरातला मसाला बदलतो, तेव्हा त्यातल्या प्रत्येक धातूसाठी वेगळी मर्यादा हवी, असं त्यांचं म्हणणं.

त्यातला सर्वांत वादाचा धातू मँगनीज. जोड मजबूत व्हावा म्हणून तो जवळपास प्रत्येक रॉडमध्ये असतो. मँगनीज दळणाऱ्या कामगारांत चालण्या-बोलण्याचा आजार होतो, हे ग्लासगोच्या कूपर यानं १८३७ मध्येच लिहून ठेवलं होतं. वेल्डरच्या धुरातला मँगनीज तेवढा असतो का, हा प्रश्न. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॅड रासेट आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनसारखी लक्षणं असलेले पंधरा वेल्डर तपासले. त्यांचा आजार सरासरी ४६व्या वर्षी सुरू झाला होता, इतर रुग्णांचा ६३व्या. त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या २००५-०६च्या मोठ्या नोंदवही-अभ्यासांत मात्र वेल्डरांमध्ये पार्किन्सनचा आजार वाढलेला दिसला नाही. २०१७ मध्ये रासेट यांच्याच गटानं ८८६ कामगारांच्या अभ्यासातून सांगितलं की धूर जितका जास्त, तितकी लक्षणं झपाट्यानं वाढतात.

दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की भांडणाचा बराचसा भाग नावावरून आहे. स्कँडिनेव्हियन नोंदवह्या पार्किन्सनचं निदान झालेले रुग्ण मोजतात. अमेरिकी गट हालचालींतला मंदपणा, ताठरपणा मोजतो. मँगनीज मेंदूच्या दुसऱ्या भागात साठतो आणि त्यानं होणारा आजार पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाला नीट दाद देत नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. शहाणपणाची बाजू घेत अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेनं २०१३ मध्ये श्वासात खोल जाणाऱ्या मँगनीजची शिफारशीतली मर्यादा घनमीटरमागं ०.०२ मिलिग्रॅमवर आणली. वेल्डरच्या तोंडाशी हवा तपासून हा आकडा गाठणं चांगल्या कारखान्यालाही कठीण जातं.

न्यूमोनियाबद्दल बोललं जात नाही, म्हणून दोन ओळी. काम करत्या वयातल्या वेल्डरांत तो इतरांपेक्षा जास्त होतो आणि काम सोडल्यावर धोका उतरतो, हे ब्रिटनमधल्या मृत्यूनोंदींवरून दिसलं. तिथं वेल्डरांना न्यूमोकोकसची लस सुचवली जाते. आपल्याकडं हा स्वस्त आणि सोपा उपाय चर्चेतसुद्धा नाही.

दुकानात उद्याच करता येण्यासारखं काय? तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क अडवतो, पण काचेखाली घामानं नकोसा होतो. पंखा पाठीमागून लावला तर धूर वेल्डरच्या पुढ्यातच घोटाळतो आणि तो वाकला की नाकात जातो. पंखा बाजूनं हवा, आणि धुराच्या लोटात डोकं न घालता काम. धूर ओढणारं यंत्र उत्तम, पण गच्चीवर कुणी नेत नाही.

आग

ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जातात आणि भेगेत शिरून तासाभरानं पेट घेऊ शकतात. १९९६ मध्ये ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वरच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगमुळं खालचं छतातलं फोम धुमसलं आणि १७ माणसं गेली. काम संपल्यावर किती वेळ पहारा ठेवायचा, यावर अमेरिकी अग्निसुरक्षा मानकानं २०१९ मध्ये अर्ध्या तासाचा एक तास केला. विमा कंपन्यांशी संबंधित तज्ज्ञ त्याहून जास्त मागतात. आपल्याकडं अपघात मुख्यतः रिकाम्या टाक्या-पिंपांचे. डिझेलचं पिंप 'रिकामं' असलं तरी आतली वाफ रिकामी नसते. धुऊन, पाणी भरून, हवा तपासून मगच आर्क पाडावा, यात कुठलंही दुमत नाही.

जबाबदारी कुणाची

इथं दोन बाजू उघड आहेत. पहिली म्हणते, वेल्डरला शिकवा, मास्क-हातमोजे द्या, शिस्त लावा. कारण ते लगेच करता येतं आणि साईट रोज बदलते. दुसरी म्हणते, कामगाराच्या अंगावर चढवलेलं साधन हा शेवटचा उपाय. आधी कमी धुराचा रॉड, मग धूर ओढणं, मग मशिनमधलं व्हीआरडी, आणि शेवटी मास्क. जगातली मानकं दुसऱ्या बाजूला झुकली आहेत. मलाही तिचं म्हणणं जास्त पटतं, कारण मे महिन्यात नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाकडून दिवसभर मास्क चढवून ठेवण्याची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

पण कायद्याचा हात दुकानापर्यंत पोचत नाही. १९४८च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना ठरायला दहा कामगार लागत, २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं तो आकडा वीसवर नेला. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक चार माणसांच्या दुकानात जाणार कसा? उद्योजकांचं म्हणणं असं की छोट्या दुकानावर मोठ्या कारखान्याचे नियम लादले तर दुकान बंद पडेल. कामगार संघटना म्हणतात, फुप्फुसाला दुकानाचा आकार कळत नाही. मशिन विकणाऱ्यानंच व्हीआरडी, योग्य काच आणि खऱ्या अर्थिंगचा प्लग सोबत द्यावा, ही तिसरी वाट कुणी नीट मांडलेली माझ्या पाहण्यात नाही.

आणि हेल्पर. अभ्यासांत, मानकांत, मर्यादांच्या आकड्यांत तो क्वचितच दिसतो. होल्डर त्याच्या हातात नसतो, म्हणून तो वेल्डर नाही. तो त्याच धुरात, त्याच प्रकाशात, काचेशिवाय उभा असतो.

भोसरीतल्याच दुसऱ्या एका दुकानात काही शे रुपयांचे दोन मॅग्नेट पाहिले, काटकोनात अँगल धरून ठेवणारे. मालकानं ते आणल्यापासून जॉब धरायला माणूस लागत नाही. वेल्डर टॅक मारत होता आणि हेल्पर दहा पावलांवर, आडव्या ताडपत्रीमागं बसून पुढच्या पाइपांवर खडूनं मापं टाकत होता.